हॅमिल्टनने कर्ज फेडलं, पण कुणाचं?

१७८३ मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपलं तेव्हा सरकारकडे सैनिकांचा थकलेला पगार द्यायला पैसे नव्हते. पैशांऐवजी कागद दिले गेले. सरकार तुमचं इतके डॉलर देणं लागतं आणि त्यावर व्याजही देईल, असं त्या कागदावर लिहिलेलं असे. घरी परतलेल्या सैनिकाला बियाणं घ्यायचं होतं, जुनी देणी भागवायची होती आणि ते व्याज कधी हातात पडेल याचा काही भरवसा नव्हता. त्याने कागद दुकानदाराला किंवा शहरातून आलेल्या दलालाला विकून टाकला. भाव काय, तर डॉलरमागे दहा-पंधरा सेंट. नव्या राज्यघटनेची चिन्हं दिसू लागल्यावर तो वीस-पंचवीस सेंटांपर्यंत चढला.

जानेवारी १७९० मध्ये देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, एक अहवाल ठेवला. त्यात त्याने सांगितलं की हे कागद पूर्ण दर्शनी किमतीला मान्य करायचे, आणि पैसे मिळतील ते आज कागद ज्याच्या हातात आहे त्याला. वीस सेंटांत कागद घेतलेल्या दलालाच्या पदरात डॉलर पडणार होता. युद्धात लढलेल्या सैनिकाला त्यातलं काहीच मिळणार नव्हतं.

हॅमिल्टनच्या राजकीय वारशाबद्दल अमेरिकेत सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. कुणी त्याला आधुनिक अमेरिकेचा खरा शिल्पकार म्हणतं, कुणी धनिकांचा वकील. माझ्या मते या वादाची गाठ त्या एका निर्णयात आहे. दोन्ही बाजू खरं बोलतात, कारण देशाची पत ज्या उपायाने उभी राहिली त्याच उपायाने सैनिकाच्या तोंडचा घास दुसऱ्याला गेला. म्हणून या लेखात बाकीच्या गोष्टींपेक्षा त्या कर्जावरच जास्त थांबणार आहे.

आधी माणसाची थोडी ओळख. हॅमिल्टनचा जन्म कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावर झाला, १७५५ मध्ये की १७५७ मध्ये यावर अजून एकमत नाही. आईबापांचं रीतसर लग्न झालेलं नव्हतं. बाप सोडून गेला, १७६८ मध्ये आई वारली. पोरक्या मुलाने सेंट क्रॉय बेटावरच्या एका व्यापारी पेढीत कारकुनी केली. जहाजं, हुंड्या, निरनिराळ्या देशांची नाणी, उधारीचे हिशेब हे सगळं तो मिसरूड फुटायच्या आधी शिकला. १७७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. (याच कॉलेजचं पुढे कोलंबिया विद्यापीठ झालं. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथेच शिकले आणि ब्रिटिश भारतातलं केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यातला पैशाचा व्यवहार हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.) युद्धात तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या हाताखाली चार वर्षं होता. सैन्याला अन्न, कपडे, पगार वेळेवर का मिळत नाही हे त्याने रोज पाहिलं. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्यं द्यायची किंवा द्यायची नाहीत. हॅमिल्टनचं सगळं राजकारण या अनुभवातून आलेलं आहे.

१७९० चं कर्ज

त्या वेळी एकूण कर्ज जवळजवळ ७ कोटी ९० लाख डॉलर होतं. त्यातले सुमारे १ कोटी १७ लाख फ्रान्स, हॉलंड अशा परदेशी देणेकऱ्यांचे. ते फेडायचे यावर कुणाचं दुमत नव्हतं. थकलेल्या व्याजासकट चार कोटींहून अधिक डॉलर देशातल्या लोकांचे, म्हणजे सैनिकांचे आणि सैन्याला धान्य, घोडे, कापड पुरवणाऱ्यांचे. याशिवाय तेरा राज्यांनी युद्धासाठी स्वतंत्रपणे काढलेलं कर्ज होतं. हॅमिल्टनने त्याचा अंदाज अडीच कोटी धरला.

त्याच्या योजनेचे दोन भाग होते आणि भांडणंही दोन झाली.

पहिलं भांडण सैनिकाच्या कागदावरून. व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन तोवर हॅमिल्टनचा जवळचा सहकारी होता. राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या ८५ निबंधांपैकी ५१ हॅमिल्टनचे आणि २९ मॅडिसनचे. पण फेब्रुवारी १७९० मध्ये मॅडिसनने उलट योजना मांडली. आज कागद ज्याच्याकडे आहे त्याला बाजारातला सर्वांत वरचा भाव द्या आणि उरलेली रक्कम मूळ सैनिकाला द्या, असं त्याचं म्हणणं. ऐकायला किती रास्त वाटतं! सभागृहाने ती ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली.

हॅमिल्टनचं उत्तर पैशाच्या व्यवहारातल्या माणसाचं होतं. कागद विकता येईल असं लिहूनच सरकारने तो दिला होता. विकत घेणाऱ्याने पैसे बुडण्याचा धोका पत्करला होता. आता सरकारने मागे जाऊन तो सौदा मोडला, तर उद्या सरकारी रोखा कुणीही दुसऱ्याकडून विकत घेणार नाही. जो रोखा पुढे विकता येत नाही त्याला पहिला घेणाराही कमीच भाव देतो. म्हणजे पुढच्या युद्धात सैनिकाला मिळणारा कागद आणखी निरुपयोगी ठरेल. शिवाय कागद चार-पाच हातांतून फिरलेले. प्रत्येकाचा मूळ धनी शोधायचा कसा?

हा युक्तिवाद मला बिनतोड वाटतो, आणि तरीही अपुरा वाटतो. कारण अहवालाची बातमी फुटताच काय झालं ते पाहा. जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन याने भर सभागृहात सांगितलं की सट्टेबाजांनी भरलेली तीन जहाजं दक्षिणेकडे निघालीसुद्धा, तिथल्या लोकांना बातमी कळायच्या आत कागद गोळा करायला. ज्यांना आतली माहिती लवकर मिळाली ते श्रीमंत झाले. दलालाला पूर्ण रक्कम देऊनही गरजू सैनिकासाठी वेगळी तरतूद करणं तत्त्वतः शक्य होतं. अमेरिकेने ते केलंही, पण १८१८ मध्ये. त्या वर्षी गरीब माजी सैनिकांना निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. तोपर्यंत अठ्ठावीस वर्षं लोटली होती आणि कित्येक सैनिक हयात नव्हते. १७९० मध्ये तिजोरी रिकामी होती हे खरं. पण हॅमिल्टनच्या अहवालात त्या सैनिकाबद्दल सहानुभूतीचे चार शब्द आहेत आणि तरतूद एकही नाही, हेही तितकंच खरं.

दुसरं भांडण राज्यांच्या कर्जाचं. ते केंद्राने आपल्या डोक्यावर घ्यावं असं हॅमिल्टनचं म्हणणं. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना यांच्यावर डोंगराएवढं कर्ज होतं. त्यांना ही योजना हवीच होती. व्हर्जिनियाने मात्र आपलं बरंचसं कर्ज फेडून टाकलं होतं. आम्ही आमचं फेडलं, आता दुसऱ्यांचंही आम्हीच फेडायचं का, हा व्हर्जिनियाचा प्रश्न होता. एप्रिलमध्ये योजना ३१ विरुद्ध २९ अशी दोन मतांनी पडली.

मग जून १७९० मध्ये न्यूयॉर्कला परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या घरी ते प्रसिद्ध जेवण झालं. हॅमिल्टन आणि मॅडिसन एकत्र बसले. मॅडिसनने विरोध सौम्य करायचा, त्याबदल्यात देशाची राजधानी दक्षिणेला, पोटोमॅक नदीकाठी न्यायची, असा सौदा ठरला. जेवणाची हकिकत आपल्याला जेफरसनच्या लेखणीतूनच कळते, त्यामुळे सगळा निकाल त्या टेबलावरच लागला का यावर इतिहासकार सावध असतात. पण योजना मंजूर झाली आणि वॉशिंग्टन शहर पोटोमॅकच्या काठी वसलं. दोन वर्षांनी जेफरसनने राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला लिहिलं की हॅमिल्टनने आपल्याला फसवून हाताशी धरलं, आणि आयुष्यातल्या राजकीय चुकांपैकी हीच सर्वांत जास्त सलते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण हॅमिल्टनच्या टीकाकारांच्या मांडणीत ती बहुधा सुटते. राज्यं आपलं कर्ज फेडायला शेतकऱ्यांवर जमिनीचा आणि डोईचा कर लावत होती, तोही रोखीत. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८६-८७ मध्ये डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं बंड झालं ते याच करांमुळे आणि कर्जवसुलीमुळे. कर्ज केंद्राकडे गेल्यावर राज्यांना ते कर उतरवता आले, कारण केंद्राचं बहुतांश उत्पन्न बंदरांवरच्या आयात जकातीतून येत होतं. म्हणजे ज्या योजनेने सट्टेबाज गब्बर झाले, तिनेच अनेक छोट्या शेतकऱ्यांच्या मानेवरचं जू हलकं केलं. जे फक्त सट्टेबाज पाहतात ते अर्धीच हकिकत सांगतात.

आणखी एक गैरसमज असा की हॅमिल्टनने सावकारांना पै न् पै दिली. तसं नाही. मुद्दल पूर्ण मानलं, पण व्याज कापलं. मुद्दलाच्या दोन तृतीयांश भागावर लगेच ६ टक्के, उरलेल्या एक तृतीयांशावर व्याज १८०१ पासून पुढे, आणि थकलेल्या व्याजाच्या रकमेवर फक्त ३ टक्के. सगळं मिळून व्याज ४ टक्क्यांच्या आसपास येई. मुद्दल एका झटक्यात परत करायचं नव्हतंच. व्याज ठरल्या दिवशी चुकवायचं, त्यासाठी ठरावीक कर राखून ठेवायचा, आणि त्या शिस्तीमुळे रोखा बाजारात रोख रकमेसारखा चालेल, हा सगळा डाव. तो यशस्वी झाला. काही वर्षांत अमेरिकेचे रोखे युरोपच्या बाजारात चांगल्या भावाने विकले जाऊ लागले.

राष्ट्रीय कर्ज हे वरदान आहे असं हॅमिल्टन म्हणाला, असा टोमणा त्याला नेहमी मारला जातो. त्याच्या १७८१ च्या पत्रातलं ते वाक्य पूर्ण वाचलं तर त्यात अट आहे, कर्ज अती नसेल तर. आणि १७९० च्या अहवालात त्याने म्हटलंय की कर्ज काढताना ते फेडण्याची सोयही त्याच वेळी केलेली असावी. आज भरमसाट कर्जाचं समर्थन करायला हॅमिल्टनचं नाव पुढे करणाऱ्यांनी हे दुसरं वाक्यही सोबत घ्यावं.

जेफरसनचा आक्षेप याहून खोल होता. एका पिढीने काढलेलं कर्ज पुढच्या पिढीने का फेडावं? पृथ्वी जिवंत माणसांची आहे, असं तो १७८९ मध्ये मॅडिसनला लिहितो. १८१३ च्या एका पत्रात सार्वजनिक कर्जाबद्दल लिहिताना त्याने म्हटलं की प्रत्येक पिढी हे जणू वेगळं राष्ट्र आहे, ती स्वतःला बांधून घेऊ शकते, पुढच्या पिढीला नाही. हाच विचार बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात उद्धृत केला. तिथे विषय कर्जाचा नव्हता. घटना दुरुस्त करणं फार अवघड असू नये हे सांगण्यासाठी त्यांना जेफरसन आठवला होता.

बँक आणि घटनेतली जागा

डिसेंबर १७९० मध्ये हॅमिल्टनने राष्ट्रीय बँकेचा प्रस्ताव आणला. भागभांडवल १ कोटी डॉलर, त्यात सरकारचे २० लाख, बाकी खासगी लोकांचे, सनद वीस वर्षांची. बँक सरकारचे पैसे सांभाळेल, गरजेला सरकारला कर्ज देईल आणि देशभर चालतील अशा नोटा काढेल. अडचण एवढीच की राज्यघटनेत काँग्रेसच्या अधिकारांची यादी आहे आणि तीत बँक काढण्याचा अधिकार कुठेच लिहिलेला नाही.

यादीच्या शेवटी एक वाक्य आहे. दिलेले अधिकार अमलात आणण्यासाठी आवश्यक आणि उचित असे कायदे काँग्रेस करू शकेल, असं ते सांगतं. जेफरसनने फेब्रुवारी १७९१ मध्ये वॉशिंग्टनला लेखी मत दिलं की ज्याच्यावाचून अधिकार वापरताच येणार नाही तेच आवश्यक, आणि कर गोळा करणं बँकेवाचूनही जमतं. हॅमिल्टनने आठवडाभरात लांबलचक उत्तर दिलं. साध्य घटनेत बसत असेल, साधनाचा त्या साध्याशी सरळ संबंध असेल आणि घटनेने ते साधन निषिद्ध केलेलं नसेल, तर ते वापरायला हरकत नाही. वॉशिंग्टनने २५ फेब्रुवारीला सही केली.

अमेरिकी केंद्र सरकार आज जे काही करतं त्यातल्या फार मोठ्या भागाला ही वाट मोकळी झाली ती इथे. १८१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा सरन्यायाधीश जॉन मार्शल याने मेरीलँड राज्य आणि बँक यांच्यातल्या खटल्यात जवळपास हॅमिल्टनचाच युक्तिवाद कायदा म्हणून मान्य केला. केंद्राचा हात फार लांब झालाय अशी तक्रार करणारे अमेरिकन आजही १७९१ पर्यंत मागे जातात. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. यादी जर हवी तितकी ताणता येत असेल तर यादी केलीच कशाला?

पण विरोधकांनी सत्तेत आल्यावर काय केलं तेही पाहायला हवं. १८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचा अर्थमंत्री आल्बर्ट गॅलाटिन याने बँक चालू ठेवली. १८०३ मध्ये जेफरसनने फ्रान्सकडून लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला घेतला. प्रदेश विकत घेण्याचा अधिकारही घटनेच्या यादीत नव्हता आणि जेफरसनला ते टोचत होतं. त्यातले १ कोटी साडेबारा लाख डॉलर ६ टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत दिले गेले आणि ते रोखे लंडन आणि ॲमस्टरडॅमच्या पेढ्यांनी घेतले. युरोपातल्या सावकारांना अमेरिकेचा कागद का घ्यावासा वाटला? कारण त्याआधी दहा-बारा वर्षं त्यावरचं व्याज वेळेवर येत होतं. बँकेची सनद १८११ मध्ये संपली, लगेच पुढच्या वर्षी इंग्लंडशी युद्ध पेटलं आणि सरकारची पैशासाठी ओढाताण झाली. १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या कायद्यावर सही झाली. सही करणारा राष्ट्राध्यक्ष होता जेम्स मॅडिसन, १७९१ मध्ये बँक घटनाबाह्य आहे म्हणणारा.

कारखाने, आणि पुण्यापर्यंत पोचलेला विचार

डिसेंबर १७९१ मध्ये हॅमिल्टनने कारखानदारीवरचा अहवाल दिला. केवळ शेतीवर देश श्रीमंत होत नाही, नव्या धंद्यांना सुरुवातीला सरकारने हात द्यावा, इंग्लंडसारखी पुढे गेलेली राष्ट्रं खुल्या व्यापाराची भाषा बोलतात पण स्वतः वागताना आपल्या धंद्यांना जपतात, असा त्याचा रोख. या अहवालामुळे त्याला संरक्षक जकातींचा जनक म्हणतात. मूळ अहवालात मात्र त्याचा कल उंच जकातीपेक्षा थेट अनुदानाकडे आहे. जकात फार चढवली तर आयात घटेल, आयात घटली तर कर्जाचं व्याज कुठून द्यायचं, ही त्याची चिंता होती. अनुदानाची कल्पना काँग्रेसने बाजूला ठेवली, जकातीच्या बऱ्याच शिफारशी मात्र उचलल्या.

याच अहवालात एक मजकूर आज वाचवत नाही. कारखान्यांमुळे बायका आणि मुलं अधिक उपयोगी पडतात, मुलं तर लहान वयातच, असं हॅमिल्टन फायदा म्हणून सांगतो. तो स्वतः पोरवयात पेढीवर राबला होता. त्याला त्यात वावगं दिसलं नाही.

प्रत्यक्ष प्रयोग फसला. न्यू जर्सीत पसॅइक नदीच्या धबधब्याजवळ त्याच्या प्रेरणेने एका कंपनीने पॅटरसन हे कारखान्यांचं गाव वसवलं. कंपनीचा प्रमुख विल्यम ड्यूअर सरकारी रोख्यांच्या सट्ट्यात बुडाला आणि मार्च १७९२ मध्ये न्यूयॉर्कचा बाजार कोसळला. हॅमिल्टनने सरकारी पैशातून रोखे विकत घेऊन आणि बँकांना कर्ज देत राहायला सांगून घबराट थांबवली. आज मध्यवर्ती बँका संकटात जे करतात त्याचा हा आरंभीचा नमुना आहे. ड्यूअर तुरुंगात गेला. पॅटरसनची कापड गिरणी १७९६ मध्ये बंद पडली, पण गाव टिकलं आणि पुढच्या शतकात रेशीम आणि रेल्वे इंजिनांसाठी प्रसिद्ध झालं.

हा विचार आपल्याकडेही पोचला. फ्रीडरिख लिस्ट हा जर्मन अर्थतज्ज्ञ १८२५ नंतर काही वर्षं पेनसिल्व्हेनियात राहिला, तिथल्या हॅमिल्टनवादी मंडळींच्या संगतीत त्याची मतं पक्की झाली आणि ती त्याने युरोपात नेली. १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महादेव गोविंद रानडे यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं, तेव्हा इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना सर्व काळी लागू पडतात हा दावा त्यांनी खोडून काढला. त्यासाठी त्यांनी लिस्टचा आधार घेतला, तसंच हॅमिल्टन आणि हेन्री केरी या अमेरिकनांचाही. त्याआधी दहाच वर्षांपूर्वी, १८८२ मध्ये, ब्रिटिश सरकारने सुती मालासह जवळजवळ सगळ्याच मालावरची आयात जकात उठवली होती आणि मँचेस्टरचं कापड भारतात मोकळं येत होतं. मात्र रानडे यांच्यापुढे हॅमिल्टनपुढे नसलेला एक मोठा अडथळा होता. हॅमिल्टनच्या देशाकडे स्वतःचं सरकार होतं.

दारूवरचा कर

कर्जाचं व्याज भागवायला जकात पुरेना, म्हणून १७९१ मध्ये देशात गाळल्या जाणाऱ्या दारूवर कर बसला. शहरातल्या माणसाला तो चैनीवरचा कर वाटे. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याचं गणित वेगळं होतं. डोंगरापलीकडच्या बाजारात धान्य नेणं परवडत नसे, म्हणून तो त्याची व्हिस्की गाळून नेई. नाण्यांची टंचाई असल्याने व्हिस्कीच तिथे पैशासारखी चाले. कर मात्र रोखीत भरायचा. मोठ्या भट्टीवाल्यांना तो दर गॅलनमागे हलका पडे, छोट्यांना जड. म्हणजे ज्या भागात माजी सैनिकांनी आपले कागद कवडीमोलाने विकले होते, तिथेच त्या कागदांवरचं व्याज भरण्यासाठी वसुली सुरू झाली. हे त्यांना दिसत नव्हतं असं समजू नये.

जुलै १७९४ मध्ये पिट्सबर्गजवळ कर अधिकारी जॉन नेव्हिल याचं घर जाळण्यात आलं. वॉशिंग्टनने सुमारे तेरा हजारांची फौज उभी केली आणि हॅमिल्टन स्वतः तिच्याबरोबर गेला. फौज पोचेपर्यंत बंडखोर पांगले होते. दोघांना देशद्रोहाची शिक्षा झाली आणि वॉशिंग्टनने त्यांना माफ केलं. संसदेने केलेला कायदा बंदुकीच्या धाकाने मोडता येणार नाही हे सिद्ध झालं, आणि ते सिद्ध व्हायला हवंच होतं. पण करच अन्याय्य होता. १८०२ मध्ये जेफरसनच्या सरकारने तो रद्द केला.

लोकशाहीवर विश्वास होता का?

हॅमिल्टनवरचा सर्वांत जुना आरोप असा की तो मनातून राजेशाहीवादी होता. आरोपाला आधार आहे. १८ जून १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत तो जवळपास सहा तास बोलला. ब्रिटिश राज्यपद्धतीची त्याने स्तुती केली आणि राष्ट्राध्यक्ष व सिनेटचे सभासद एकदा निवडले की वर्तन चांगलं असेपर्यंत आयुष्यभर राहावेत असं सुचवलं. कुणी ते उचलून धरलं नाही. तरीही परिषदेने जी घटना मंजूर केली, तिच्यावर सही करणारा न्यूयॉर्कचा तो एकटाच प्रतिनिधी. पुढे तिच्यासाठी त्याने जीव तोडून लिहिलं आणि न्यूयॉर्कने ३० विरुद्ध २७ मतांनी ती स्वीकारली त्यात त्याचा वाटा मोठा. स्वतःच्या मताविरुद्ध गेलेल्या मसुद्यासाठी इतकं झटणं मला त्याच्या बँकेपेक्षाही मोठं वाटतं. आणि तरीही सामान्य माणसाच्या शहाणपणावर त्याचा भरवसा कधी बसला नाही. १८०२ मध्ये तर स्वतः बाहेरून आलेल्या या माणसाने परदेशातून येणाऱ्यांना लवकर नागरिकत्व देऊ नये म्हणून लेख लिहिले. २०१५ च्या ब्रॉडवे संगीतनाटकाने त्याला स्थलांतरितांचा नायक केलं, त्यात हे लेख बसत नाहीत.

गुलामगिरीच्या बाबतीतही तसंच. १७७९ मध्ये काळ्या सैनिकांच्या पलटणी उभारून त्यांना स्वातंत्र्य द्यावं, त्यांची बुद्धी बहुधा आपल्याइतकीच आहे, असं त्याने लिहिलं. न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती संस्थेत तो सुरुवातीपासून होता. पण त्याचं सासर, आल्बनीचं स्कायलर घराणं, गुलाम बाळगणारं. आणि त्याच घराण्याच्या जुन्या वाड्यात काम करणाऱ्या एका संशोधिकेने २०२० मध्ये हिशेबवह्यांच्या आधारे मांडलं की त्याने स्वतःसाठीही गुलाम घेतले होते. यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलामांचा मालक राहिलेल्या जेफरसनशी तुलना केली की हॅमिल्टन उजळ दिसतो, पण तेवढ्यावर त्याला गुलामगिरीविरोधी योद्धा म्हणणं अतिशयोक्ती ठरेल.

१२ जुलै १८०४ रोजी, तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष आरन बर याच्याशी झालेल्या द्वंद्वयुद्धाच्या दुसऱ्या दिवशी तो वारला. त्यानंतर त्याची कीर्ती वरखाली होत राहिली, आणि ती कधी चढते याला एक ठरीव कारण दिसतं. उद्योग आणि भांडवल यांची चलती असते तेव्हा त्याला हार घातले जातात. १९२३ मध्ये वॉशिंग्टनला अर्थखात्याच्या इमारतीपुढे त्याचा पुतळा बसला, १९२९ पासून सगळ्या दहा डॉलरच्या नव्या छोट्या नोटांवर तोच आहे. त्याच वर्षी बाजार कोसळला. मग फ्रँकलिन रूझवेल्टच्या काळात जेफरसन वर आला, १९३८ मध्ये पाच सेंटांच्या नाण्यावर आणि १९४३ मध्ये संगमरवरी स्मारकात. गंमत म्हणजे रूझवेल्टने नाव घेतलं जेफरसनचं आणि वापरलं हॅमिल्टनचं बलाढ्य केंद्र सरकार, फक्त ते शेतकरी आणि कामगारांच्या बाजूने वळवलं. म्हणूनच तर आज डावे आणि उजवे दोघेही त्याच्यावर हक्क सांगतात. २०२२ मध्ये अमेरिकेने देशात संगणक चिप बनवण्यासाठी सुमारे ५२ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली तेव्हा १७९१ च्या अहवालाची आठवण निघाली, आणि उंच आयात शुल्काचे समर्थकही तोच अहवाल दाखवतात.

युरोपात तर त्याचं नाव थेट कर्जाच्याच संदर्भात निघालं. २०२० मध्ये कोरोनाच्या संकटात युरोपीय संघाने ७५० अब्ज युरोंचा सामायिक निधी ठरवला. संघाने सगळ्यांच्या नावाने कर्ज काढायचं आणि गरजू देशांना द्यायचं. जर्मनीचे तेव्हाचे अर्थमंत्री ओलाफ शोल्झ यांनी त्यासाठी हॅमिल्टनचा दाखला दिला. साम्य आहे, आणि दोन मोठे फरकही आहेत. हॅमिल्टनने राज्यांचं जुनं कर्ज उचललं होतं. युरोपने इटली किंवा ग्रीसच्या जुन्या कर्जाला हात लावला नाही, फक्त नवं काढलं. आणि हॅमिल्टनच्या हातात व्याज भरायला बंदरांवरची जकात होती, संसदेने त्या कामासाठी बांधून दिलेली. युरोपच्या त्या कर्जाच्या मुद्दलाची फेड २०२८ ते २०५८ अशी तीस वर्षं चालायची आहे, आणि ती कोणत्या करातून, म्हणजे कुणाच्या खिशातून व्हावी, यावर सभासद देशांचं भांडण निधी मंजूर झाल्यापासूनच सुरू आहे.